‘किरणांच्या कामाला लागली तर लग्न कसं होणार?’

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, ६८ टक्के. बंद झालेली अणुवीज केंद्रं मोडताना तिथलं किरणोत्सारी दूषण मोजण्याचं काम तिला शिकायचंय. तुम्हाला ती बँकेत हवी. टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती ‘स्थळांपासून हे लपवून ठेवलंय’ या वाक्याची. यात लपवण्यासारखं काय आहे? बापच लाजला तर समोरच्यांना संशय येणारच. शिवाय पत्रात नातेवाइकांचं म्हणणं दीड पान आणि मुलीचं एक ओळ. हे मला मुळीच पटलं नाही.

‘ती किरणं अंगावर घेऊन घरी येईल’ हा समज साफ चुकीचा आहे. गॅमा किरण अंगावर पडल्याने माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. अंगाकपड्यांवरून येऊ शकते ती किरणोत्सारी धूळ, आणि तीच तर या कामात शोधून मोजतात. भिंती-फरशीवर चौकोन आखून मापक अगदी जवळून, सावकाश फिरवतात. १०० चौरस सेंटिमीटर जागा कागदाने पुसून त्या कागदावरचा किरणोत्सार मोजतात. त्यावरून सुटी धूळ किती, काँक्रीटला धरून बसलेलं किती, ते कळतं. बाहेर पडताना प्रत्येकाचे हात, पाय, कपडे तपासतात. अंगावरच्या बॅजवर डोस नोंदला जातो. आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक). गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या महिन्यांत गर्भासाठी फक्त १. नातवंडांची काळजी तुम्ही लिहिलीत, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

आता मुलीलाही स्पष्ट सांगते. भारतात अजून एकही अणुवीज केंद्र पूर्ण मोडून जमीन मोकळी झालेली नाही. राजस्थानची पहिली अणुभट्टी २००४ पासून बंद आहे, पण मोडलेली नाही. अमेरिकेत मेन यांकी केंद्राची मोडणी २००५ मध्ये पुरी झाली. जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्या, तिथे हे काम बरीच वर्षं चालेल. त्यामुळे फक्त मोडणीवर भिस्त न ठेवता तिने सगळं किरणोत्सर्ग संरक्षण शिकावं. त्याची गरज चालू केंद्रांत आहे, कॅन्सर रुग्णालयांतही आहे. एम.एस्सी. फिजिक्स, मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, हा सरळ रस्ता.

बँकेची परीक्षा तिला द्यावीशी वाटली तरच द्यावी. स्थळांना खरं काय ते याच आठवड्यात सांगा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.