फाउंड्रीच्या व्हिडिओ मीटिंगसाठी ऑफिसात स्वतःचा सर्व्हर बसवावा का?

तुमची कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्री आहे, जर्मनीच्या ग्राहकाला मीटिंगमध्ये ड्रॉइंग दाखवता, आणि आता तो ‘तुमची व्यवस्था सुरक्षित आहे का ते लेखी द्या’ म्हणतोय. त्यासाठी ऑफिसात सर्व्हर बसवायचा का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर : ऑफिसात नको. आधी मीटिंगचं दार नीट लावा.

मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची नेटवर्कं बघतो. एका ठिकाणी दर सोमवारच्या मीटिंगला दोन वर्षं एकच लिंक होती. नोकरी सोडून दुसऱ्या कारखान्यात गेलेला माणूस ‘क्वालिटी २’ या नावानं गप्प बसून ऐकायचा. भाव, रिजेक्शन, ग्राहकाच्या तक्रारी, सगळं त्याच्या कानावर जात होतं. कुणी काही हॅक केलं नव्हतं. ती लिंक मीच काढून दिली होती, म्हणून अजून मनाला लागतं. तेव्हापासून दर मीटिंगला नवी लिंक, वेटिंग रूम चालू, ओळख पटल्यावरच आत, सगळे आले की मीटिंग लॉक. आणि माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याचं खातं बंद. ड्रॉइंग दाखवताना पूर्ण स्क्रीन नाही, फक्त तीच विंडो शेअर करायची.

आता एन्क्रिप्शनचं, म्हणजे बोलणं आणि व्हिडिओ कुलूप लावून पाठवण्याचं. चार-पाच जणांच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाचा व्हिडिओ आधी मधल्या सर्व्हरवर जातो आणि तिथून बाकीच्यांना मिळतो. साध्या पद्धतीत वाटेवर कुलूप असतं, पण किल्ली त्या सर्व्हरकडेही असते. एंड-टू-एंडमध्ये किल्ली फक्त मीटिंगमधल्या लोकांकडे. किल्ली कुणाकडे याबरोबर कुलूप किती पक्कं हेही बघावं लागतं, ते एप्रिल २०२० मध्ये दिसलं. झूम एईएस-१२८ हे कुलूप ईसीबी नावाच्या कच्च्या पद्धतीत वापरतं, म्हणजे मूळ डेटाचे नमुने पुरते लपत नाहीत, असं टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटानं दाखवलं. त्याच महिन्यात आपल्या गृह मंत्रालयानंही झूमबद्दल सावधगिरीची सूचना काढली. पुढे झूमनं एईएस-२५६ जीसीएम ही जास्त पक्की पद्धत आणली आणि ऑक्टोबर २०२० पासून एंड-टू-एंडची सोय दिली. मात्र ती चालू केली की क्लाउड रेकॉर्डिंग आणि साध्या फोनवरून जोडणं बंद होतं. म्हणून रोजच्या बोलण्याला ती लावत बसू नका. ड्रॉइंग आणि भावाच्या मीटिंगला मात्र लावाच.

स्वतःचंच हवं असेल तर जित्सी मीट हे स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येणारं मीटिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि चांगलं आहे. पण नुसतं इन्स्टॉल करून सोडलं तर कुणीही रूम उघडू शकतो, त्यामुळे लॉगिन लावावंच लागतं. व्हिडिओ यूडीपी १०००० या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या ठरावीक दारातून जातो. परदेशी कंपन्यांचे फायरवॉल तो बऱ्याचदा अडवतात, मग ४४३ या वेबसाइटच्या नेहमीच्या पोर्टवर टर्न सर्व्हर, म्हणजे व्हिडिओ वळवून पोचवणारा मधला सर्व्हर लागतो. आणि अपडेट? ते दर महिन्याला कोण बघणार, हे आधी ठरवा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. तुमचा सर्व्हर ऑफिसात असता तर त्या दिवसांत तो बंद पडल्यावर तिथे पोचणार कोण? त्यापेक्षा मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये मशीन भाड्यानं घ्या.

एक गोष्ट कुठलाही सर्व्हर थांबवू शकत नाही. अरूप या इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसातल्या कर्मचाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर आपले वरिष्ठ आणि सहकारी पाहिले आणि १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. ते सगळे चेहरे बनावट होते. २०२४ मध्ये हे बाहेर आलं. तेव्हा कॉलवर कुणी बँक खातं बदलायला सांगितलं, तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका. अकाउंट्सच्या माणसाला हे आजच सांगा.

जर्मनीला पाठवायच्या पत्रात तुम्ही खरंच जे करता तेवढंच लिहा : आत कोण येतं, रेकॉर्डिंग कुठं राहतं, किती दिवसांनी पुसता. क्लाउड रेकॉर्डिंग चालू असेल तर ‘एंड-टू-एंड’ हा शब्द पत्रात घालू नका. त्यांचा ऑडिटर नेमका तिथेच बोट ठेवेल.