चिंचोके, अहिराणी आणि घरचा अभ्यास

अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. या वेळी आलेल्या पत्रांत गावं वेगळी, घरं वेगळी, पण विचारणं एकच आहे : शाळेत जे चाललंय त्याला घरून हातभार कसा लावायचा? त्यातली पाच पत्रं इथं घेतली आहेत.

एरंडोल तालुक्यातून एक शेतकरी वडील : मुलगी दुसरीत आहे. शाळेत चिंचोके मोजतात, काड्या बांधतात, असं ती सांगते. घरी सदतीस लिही म्हटलं की 73 लिहिते. आमच्या वेळी गुरुजी पाढे घोकून घ्यायचे. हा खेळ थांबून अभ्यास कधी सुरू होणार?

दादा, तुमची मुलगी जे ऐकते तेच लिहिते. ‘सदतीस’ म्हणताना आधी सात कानावर येतात आणि मग तीस. लिहिताना मात्र तीन आधी लिहायचे असतात. एकोणचाळीस म्हटलं की काही मुलं 49 लिहितात, कारण कानात चाळीस राहिलेले असतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असंही संख्यावाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात कोण बरोबर होतं ते बाजूला ठेवू, पण ज्या अडचणीवरून तो झाला ती खरी आहे. दरवर्षी माझ्या वर्गात मी ती बघते.

काड्या त्याचसाठी आहेत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बारीक काड्या आम्ही एकसारख्या तोडून ठेवतो. दहा झाल्या की रबर लावून जुडी करायची, उरतील त्या सुट्या. सदतीस म्हणजे तीन जुड्या आणि सात सुट्या. जुड्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला मांडायच्या आणि मांडल्या तशाच पाटीवर लिहायच्या. एका मुलीने अशी सदतीसची मांडणी केली होती. मी तिच्यापुढे आणखी तीन काड्या ठेवल्या. तिने सुट्या मोजल्या, दहा भरल्या, आणि कोणी न सांगता डब्यातून रबर काढून चौथी जुडी बांधली. सुट्यांची जागा रिकामी झाली. तिथे काय लिहायचं म्हणून ती थोडी थांबली, मग शून्य लिहिलं. दादा, हाच तो ‘हातचा’, जो आपल्या वेळी नुसता डोक्यावर लिहायला सांगायचे. उद्या चाळीसातून सहा वजा करायला दिले की ती जुडी सोडेल, आणि ‘उसने’ घेणं म्हणजे काय ते तिला कोणाला विचारावं लागणार नाही.

पाढे पाठ हवेतच, त्यात माझं तुमचं दुमत नाही. फक्त तीन चोक बारा म्हणण्याआधी तिने तीन-तीन शेंगांचे चार वाटे एकदा तरी मांडलेले असू द्या.

घरी वेगळा वेळ काढायला नको. केळीचा घड घरात आला की फण्या किती, एका फणीला केळी किती, हे तिला मोजू द्या. एसटीने बाजाराला निघालात तर तिकीट तिच्या हातात द्या. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे, मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं आहे. मायलेकी दोघी निघाल्या तर दोघींचं मिळून एक पूर्ण झालं. सोबत पंचाहत्तरी ओलांडलेली आजी असेल तर तिचं शून्य. आणि तुम्ही, दादा, पूर्ण. चौघांचं मिळून किती तिकिटं झाली, हे तिने बसमध्ये बोटांवर सांगितलं की दुसरीच्या मानाने उत्तम गणित झालं. चुकली तर ‘चूक’ म्हणू नका, ‘मोजून दाखव’ म्हणा. मोजताना तिची चूक तिलाच सापडते.

चोपडा तालुक्यातून एक आई (पत्र शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं) : मी शाळेत गेलेली नाही. दिवसभर कापूस वेचायला जाते. मुलगा तिसरीत आहे. सर म्हणतात घरी लक्ष द्या. मला वाचता येत नाही तर लक्ष कसं देऊ?

ताई, तुम्ही हे पत्र लिहवून घेतलंत तेव्हाच लक्ष द्यायला सुरुवात झाली. अभ्यास घेणं हे शिक्षकांचं काम आहे, ते तुम्ही अंगावर घेऊ नका. तुमच्याकडून जे हवं आहे त्याला अक्षरओळख लागत नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना त्याला जवळ बसवा आणि एक पान मोठ्याने वाचायला सांगा. शाळेच्या वाचन कोपऱ्यातून गोष्टीचं पुस्तक घरी आणायला सांगा, बहुतेक शाळांत ते देतात. तुम्ही फक्त ऐका. मुलं अडखळली की पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजाने दडपून नेतात. ‘विहिरीत पाणी नव्हतं’च्या जागी त्याने ‘विहिरीत पानं नव्हतं’ वाचलं तर तुमच्या कानाला ते लगेच खटकेल. तेवढंच म्हणा, ‘नीट नाही लागलं, परत वाच.’ पान संपलं की विचारा, मग पुढं काय झालं? त्याने असं का केलं? तू असतास तर काय केलं असतंस? जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, असं 2026-27 पर्यंतचं उद्दिष्ट त्यात आहे. त्यातला ‘समजून’ हा भाग चुलीपाशी तुमच्या प्रश्नांनी पक्का होतो.

आणखी एक सांगते, हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्ही सांगा आणि त्याला लिहू द्या. आमच्या शाळेत आम्ही मुलांना घरचं भरीत लिहून आणायला सांगितलं होतं. एका मुलाने लिहिलं : ‘वांगं भाजलं. ठेचलं. खाल्लं.’ मी विचारलं, मिरच्या कुठे गेल्या? लसूण? तो घरी गेला आणि आईला प्रत्येक पायरी विचारत बसला. दुसऱ्या दिवशी पानभर लिहून आणलं. वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर कशी भाजायची, साल निघायला लागली की कशी उतरवायची, लसूण-मिरची मुसळीने ठेचून मग वांगं कधी घालायचं, शेंगदाणे आणि कांद्याची पात कुठल्या वेळी, सोबत कळण्याची भाकरी का. ‘आधी’, ‘मग’, ‘तोवर’, ‘नाहीतर’ हे शब्द जागच्या जागी आले होते. निबंध लिहायला याहून वेगळं काही लागत नाही. त्याच्या आईला लिहिता येत नाही, पण सांगितलं सगळं तिने.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्यांनी त्यांचं ऐकून कागदावर उतरवून ठेवलं, म्हणून 1952 साली, त्या गेल्यानंतर, त्यांच्या कविता छापून आल्या. तुमच्या ओव्या, तुमच्या आईची गाणी, वेचणीच्या वेळी बायका सांगतात त्या गोष्टी तुमच्या मुलाच्या वहीत गेल्या तर त्याचं लेखन सुधारेलच, शिवाय त्या राहतील.

शाळेत यायला संकोच वाटत असेल तर हेही लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. त्यासाठी शिक्षणाची अट नाही. सभेला या. मजुरी बुडत असेल तर सभा संध्याकाळी ठेवायला सांगा, चार जणींनी मिळून सांगितलं तर शाळा ऐकते.

साक्री तालुक्यातून एक आजोबा : आम्ही घरात अहिराणी बोलतो. नातू पहिलीत आहे. वर्गात ‘मनी माय वावरमा गयी’ म्हणाला तर पोरं हसली. सूनबाई म्हणते, आता घरात फक्त मराठीच बोलायचं. तुम्ही काय सांगाल?

आप्पा, सूनबाईंचं दुःख मला समजतं. आपलं लेकरू हसण्यावारी गेलं की कोणत्याही आईच्या जिवाला लागतं. पण घरातली अहिराणी बंद करू नका. सहा वर्षांच्या मुलाने घरच्या भाषेत हजारो गोष्टी साठवलेल्या असतात : कोणतं बी कधी पेरतात, बैल का बिथरतो, कोणाची माय कोणाची आत्या. तीच भाषा काढून घेतली तर तो वर्गात गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या मुलाला मराठीही लवकर येत नाही.

वर्गात असं काही झालं की मी आधी त्या मुलाला पुढचं विचारते. माय वावरात काय करी राह्यनी? कांदा लावी राह्यनी का? तो सांगत सुटतो. मग त्याचं वाक्य फळ्यावर लिहिते आणि खाली ‘माझी आई शेतात गेली’ हे लिहिते. दोन्ही वाक्यं सगळा वर्ग वाचतो. आठवडाभरात मुलांना अंदाज येतो की सवंगड्यांशी कसं बोलायचं आणि वहीत कसं लिहायचं. हसायचं थांबतं, कारण दोन्ही त्यांना येऊ लागलेलं असतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात, शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय आणि 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही तोच आग्रह आहे.

शिक्षकांना भेटून तुम्ही एक करा. एक दिवस परिपाठानंतर वर्गात येऊन एक अहिराणी गोष्ट सांगतो, असं त्यांना म्हणा. श्रावणात येत असाल तर कानबाईच्या सणातल्या रोटांबद्दलच सांगा. हसलेली पोरंच पुढं सरकून ऐकतील. आणि नातवाला आपले आजोबा वर्गात उभे राहून घरच्या भाषेत बोलताना दिसतील.

भुसावळहून एक वडील : मुलगा पहिलीत, खासगी शाळेत. रोज चार पानं लेखन असतं. संध्याकाळी रडतो, हात दुखतो म्हणतो. मग मारावं लागतं, नाहीतर मोबाइल द्यावा लागतो.

मारू नका. शाळेत मारणं शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने बंद आहे, घरातही त्याने अक्षर सुधारत नाही. 2020 च्या केंद्रीय दप्तर धोरणाप्रमाणे दुसरीपर्यंत घरचा अभ्यास द्यायचाच नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तासांपर्यंत. हे शाळेत जाऊन, आवाज न चढवता, लेखी मांडा. दोन-तीन पालक मिळून गेलात तर बरं. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत चार पानांचं बळ नसतं. ते येतं कणीक मळून, शेंगा फोडून, मातीचे बैल करून. मोबाइल लाच म्हणून देणं बंद करा; एकदा सुरू झालं की त्याची किंमत दर महिन्याला वाढते.

चाळीसगाव तालुक्यातून एक आई : दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. मुलगी चौथीत. नेली तर शाळा बुडते, ठेवली तर कोणापाशी ठेवायची?

आधी घरात आजी-काकी कोणी आहे का ते बघा. ती असेल तर मुलगी गावात राहू द्या आणि हंगामी वसतिगृहाची सोय आहे का हे मुख्याध्यापकांना निघण्याआधीच विचारा. न्यावंच लागलं तर जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, त्यात ती किती शिकली हे लिहिलेलं असतं. कारखान्याजवळ पोचल्यावर जवळच्या शाळेत तिला त्याच आठवड्यात घेऊन जा. दाखला नाही म्हणून, किंवा वर्ष अर्धं झालं म्हणून, शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. गावच्या शिक्षकांचा फोन नंबर तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, म्हणजे तिकडच्या शिक्षकांना काही विचारायचं झालं तर ते थेट बोलतील. आणि कोयता हातात द्यायचा नाही, हे मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगा.