वाचकांचे प्रश्न : डिप्लोमानंतर पदवी की पगार?

प्रश्न : मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. चाकणच्या कारखान्यात महिना १५,००० वर घेताहेत. त्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचंय. फी वर्षाला १ लाख १० हजार, तीन वर्षं. त्यातले तीन लाख कर्जाने. एवढाच खर्च ना?

उत्तर : नाही. फी ३ लाख ३० हजार, पण तीन वर्षांचा बुडालेला पगार ५ लाख ४० हजार. एकूण ८ लाख ७० हजार. घरचं जेवणखाण यात धरू नका. नोकरीला लागला तरी तो जेवणारच आहे.

बहुतेक घरांचा हिशेब पुढे चुकतो. पदवीनंतरचा पगार ते आजच्या १५,००० शी ताडून बघतात. ताडायचा तो तीन वर्षं मशीनवर काढलेल्या याच मुलाच्या पगाराशी. तो २०,००० धरू. पदवीवर २५,००० मिळाले तर वर्षाला ६०,००० जास्त, म्हणजे खर्च भरून यायला साडेचौदा वर्षं, तीही व्याज सोडून. ३०,००० मिळाले तर सव्वासात. तेव्हा कॉलेजात ‘सर्वोच्च पॅकेज’ विचारू नका. शाखेत मुलं किती, नोकरी किती जणांना लागली आणि पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्या मुलाचा किती, हे विचारा. सरासरी एकाच गलेलठ्ठ आकड्याने फुगते.

दुसरा धोका एम-थ्रीचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताच्या पेपरचा. पहिल्या वर्षाचं गणित न करता आलेली डिप्लोमाची मुलं त्यातल्या लाप्लास रूपांतरापाशी अडकतात. त्यापायी वर्ष गेलं की आणखी १ लाख ८० हजारांचा पगार गेला.

कर्जाचं व्याज शिकतानाही चढतं. दरवर्षी एक लाख उचललं, दर १० टक्के आणि शिक्षणानंतर एक वर्ष हप्ते न भरण्याची सवलत धरली, तर सरळ व्याजानेही हप्ते सुरू होताना ३ लाख ९० हजार देणं असतं. पहिल्या वर्षी महिना ८३३ रुपये व्याज भरत गेलात तर ते साचत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी ती रक्कम दुप्पट, तिप्पट होईल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरातली वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते.

गणित कच्चं असेल तर आधी नोकरी धरावी, असं आमचं मत. काही कॉलेजांत नोकरदारांसाठी संध्याकाळचे पदवीवर्ग असतात. आधी जवळपासच्या कॉलेजात चौकशी करा.

प्रश्न : पदवीधरच जास्त बेकार, मग शिकायचं कशाला?

उत्तर : आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ सालची तरुणांची बेकारी दिली आहे : पदवीधरांत २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४. पण बेकार म्हणजे काम शोधत असून न मिळालेला. हातावर पोट असलेल्याला शोधत बसणं परवडत नाही; तो मिळेल त्या रोजावर जातो आणि ‘कामावर’ मोजला जातो. पदवीधर घरच्या आधारावर थांबतो, बऱ्याचदा स्पर्धा परीक्षेसाठी. त्या थांबण्याचाही वर वर्षामागे लावला तसाच हिशेब लावा.