रात्रीचा तो तास तुझाच आहे

"मावशी, मुलं झोपली, ओटा आवरला की मी मोबाईल घेऊन आडवी होते. पाच मिनिटं रील्स बघू म्हणते आणि एक कधी वाजतो कळत नाही. सकाळी डोकं जड. अ‍ॅप किती वेळा काढून टाकलं, पुन्हा घेतलं. नवरा म्हणतो, तुझा स्वतःवर ताबाच नाही. खरंच मी इतकी कमकुवत आहे का?"
– एक वाचक, नाशिक

अगं, नाहीस. दिवसभर घर, मुलं आणि नोकरी ओढणाऱ्या बाईला कमकुवत कोण म्हणेल?

पूर्वी वेबपानाच्या तळाशी 'पुढचं पान' असं बटण असायचं. ते दाबायला बोट क्षणभर थांबायचं आणि तेवढ्यात 'पुरे आता' असं मनात यायला जागा मिळायची. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरनं न संपणारं पान रचलं आणि ती जागाच गेली. पुढे त्यानंच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात आणखी एक मेख आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. कधी दाणा मिळेल, कधी नाही, असं ठेवलं की कबुतर चोच मारतच राहायचं. दाणे बंद झाल्यावरही बराच वेळ. तुझ्या दहा रील्समधली एखादीच मनापासून हसवते ना? त्या एकीसाठी बोट सरकत राहतं. नवऱ्यालाही हे वाचायला दे.

म्हणून रोज मनाशी भांडत बसू नकोस, गेलेला थांबा परत आण. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि गजरासाठी साधं घड्याळ घे. उशाशी मोबाईल ठेवून 'बघणार नाही' म्हणणं फार अवघड असतं. तसली परीक्षा रोज कशाला द्यायची? सवय लगेच बसणार नाही. फिलिपा लॅली यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५० च्या वर लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा एका रात्री घसरलीस म्हणून सगळं सोडून देऊ नकोस.

पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. ओटा आवरेपर्यंत तुझ्या वाट्याला स्वतःचा असा एक क्षण येत नाही. मग तो तू झोपेतून कापून घेतेस. मोबाईल दूर ठेवलास तरी ही भूक राहणारच, आणि ती रास्त आहे. रात्रीचं आवरणं आणि मुलांना झोपवणं यातलं एक काम नवऱ्याकडे द्यायचं, रोज, न सांगता त्यांनी करायचं. त्या अर्ध्या तासात तू गच्चीवर जा, मैत्रिणीला फोन कर, नाहीतर नुसती बस. रविवारी निवांत असताना त्यांच्याशी हे बोल आणि ते काय म्हणाले, मला कळव.

– मावशी