उंदराचा डोळा आणि घरातले दोन डोळे

प्रश्न : माझ्या १७ वर्षांच्या मुलाला रातांधळेपणा आहे, डॉक्टरांनी 'आरपी' (पडद्याच्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा जनुकीय आजार) सांगितलं. तिन्हीसांजेला कपाशीतून येताना तो माझा शर्ट धरून चालतो. बायकोला वर्षभरापासून युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतली सूज) आहे, सूज पडद्यापर्यंत गेलीय. उंदरांची नजर औषधानं परत आल्याचं वाचलं. दोघांचाही आजार पडद्याचाच, मग ते औषध दोघांना चालेल का?
– एक वाचक, ता. पारोळा

उत्तर : भाऊ, नाही चालणार. का नाही, ते उंदरांवरूनच सांगतो. शिकत असताना मी काही महिने प्रयोगशाळेत त्यांचे डोळे तपासायचो. डोळा जेमतेम तीन मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा.

तिथे 'आरडी१' जातीचे उंदीर होते. असे उंदीर अमेरिकी संशोधक क्लाइड कीलर यांनी १९२४ मध्येच नोंदवले होते. दोष पीडीई६बी या जनुकात. पिल्लू दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडतं आणि महिन्याचं होईपर्यंत अंधारात पाहणाऱ्या पेशी जवळजवळ संपतात. हल्ला कुणीच केलेला नसतो. याच जनुकातल्या दोषानं काही माणसांनाही आरपी होतो.

दुसऱ्या पिंजऱ्यातले उंदीर युव्हिआयटिसचे, पण जन्मतः धडधाकट. पडद्यातल्याच आयआरबीपी प्रथिनाचा तुकडा, प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या द्रव्यात मिसळून, त्यांना टोचलेला असायचा. मग प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी स्वतःच्याच पडद्याला शत्रू समजू लागतात. दोनेक आठवड्यांनी भिंगातून रक्तवाहिन्यांच्या कडेला पांढुरकी किनार दिसायची, नंतर मागचं सगळं गढूळ. 'धुरकट दिसस' म्हणत माझ्याकडे येणाऱ्या बायांचे डोळे पाहताना मला अजून तीच किनार आठवते.

जन्मजात दोष आणि नंतर आलेली सूज, या दोन गोष्टींची गल्लत संशोधकांनाही नडू शकते. २०१२ मध्ये लक्षात आलं, की सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका काळ्या उंदराच्या वाणात 'आरडी८' हा जनुकदोष लपलेला होता. पडद्यावरचे ठिपके जन्मजात, आणि ते प्रयोगामुळे उमटले असं वाटायचं!

म्हणून बातमी वाचताना उंदीर कोणता, हे आधी बघा. शिवाय प्रयोगात सूज कोणत्या दिवशी सुरू झाली ते ठाऊक असतं. आपल्याकडे पेशंट येतो तोवर महिने उलटलेले असतात. आणि बारीक अक्षर वाचायला लागणारा पिवळा ठिपका उंदराला नसतोच.

वहिनींची सूज आटोक्यात येऊ शकते. स्टेरॉइड मनानं बंद करू नका, मनानं वाढवूही नका. त्यानं डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. मेथोट्रेक्सेट, अडालिमुमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत, पण आधी टीबीची तपासणी हवीच. आपल्याकडे युव्हिआयटिसमागे टीबी निघतो.

मुलाच्या रक्ताची जनुक तपासणी करा. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेली जनुकोपचार पद्धत फक्त आरपीई६५ जनुकातल्या दोषासाठी आहे, म्हणून त्याचा दोष कुठला ते कळायला हवं. रातांधळेपणा म्हणून 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मारा करू नका. तुम्ही नवरा-बायको नात्यातले असाल, मामाची मुलगी वगैरे, तर डॉक्टरांना सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याच्या भावंडांचेही पडदे तपासून घ्या.

आणि शेतात जाताना चांगली बॅटरी घ्या, ती त्याच्या हातात द्या.