मोबदल्याचे 14 लाख कुठे ठेवू?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलंय: रेल्वेत गेलेल्या शेताचे 14 लाख आलेत. गावच्या पतसंस्थेत 10 टक्के व्याज, अर्बन बँकेत 8. ‘आमच्याकडेही पाच लाखांचा विमा आहे’ असं पतसंस्थेचे मॅनेजर म्हणतात. सगळे तिथेच टाकू का?

भाऊ, नका टाकू. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही, सेवा सोसायटीलाही नाही. माझ्या आत्याची अशीच एक पावती अजून पत्र्याच्या पेटीत आहे. संस्था केव्हाच बंद पडली. रिझर्व्ह बँकेचं ठेव विमा महामंडळ फक्त बँकांतल्या ठेवींना संरक्षण देतं, मग ती सरकारी असो, अर्बन असो की जिल्हा बँक. हप्ता बँकच भरते.

अर्बन बँकेत विमा आहे, पण 5 लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. त्या बँकेच्या सगळ्या शाखांतलं तुमच्या नावचं बचत खातंही त्यातच. म्हणून 8 टक्क्यांनी तीन वर्षं व्याज साठवायचं असेल तर पावती 3 लाख 80 हजारांचीच करा. वहिनींच्या नावची ठेव वेगळी मोजतात, दोघांची जॉइंट आणखी वेगळी. तशी विभागणी केली आणि व्याज न साठवता वेळोवेळी काढून घेतलं तर एकाच बँकेत 14 लाखही विम्यात बसतील.

तरीही एकाच बँकेत ठेवू नका. बँकेवर निर्बंध आले की 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे विम्याचे पैसे 90 दिवसांत मिळतात. आधी लोक वर्षानुवर्षं खेटे घालायचे, त्या मानाने हे फार मोठं काम झालं. पण निर्बंध जूनमध्ये आले तर? पैसे हाती पडेपर्यंत शेजाऱ्याच्या पऱ्हाटीला बोंडं धरलेली असतात.

आणि अफवा ऐकून बँकेसमोर रांग लावू नका. ठेवी कर्जात गुंतलेल्या असतात. सगळे एकाच दिवशी आले तर चांगली बँकही मोडते. 1960 मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर लोकांचा विश्वास हलला, म्हणून 1962 पासून हा विमा आला, तेव्हा फक्त 1500 रुपयांचा. 2020 पासून तो 5 लाख आहे. विम्याच्या आत असलेल्याला रांगेत उभं राहायचं कारणच उरत नाही.

माझी मांडणी अशी: अर्बन बँकेत तुमच्या नावे 3.80 लाख, सरकारी बँकेत वहिनींच्या नावे 4 लाख, पोस्टात 4 लाख (तिथे हा विमा नाही, पण सरकारचीच हमी आहे). उरलेले 2.20 लाख दुसऱ्या एखाद्या सरकारी बँकेच्या बचत खात्यात, पेरणीसाठी मोकळे.