धर्मगुरूंना पगार द्यावा का, आणि तो सगळ्यांना कळावा का?

हो, पूर्णवेळ काम करणाऱ्याला पगार द्यायलाच हवा आणि किती देतो ते देणगी देणाऱ्या प्रत्येकाला कळायलाच हवं. कारण पगार ठरलेला नसला की त्यांचं घर मोठ्या देणगीदारांच्या मर्जीवर चालतं, मग त्याच लोकांना खडे बोल सुनावणार कोण? बायबलमध्येसुद्धा (१ तीमथ्य ५:१८) कामकऱ्याला त्याची मजुरी मिळावी असंच म्हटलंय, आणि चर्च ऑफ इंग्लंड तर पाद्रींच्या मानधनाचे आकडे जाहीर करतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे. नुसता पगार नको, राहायचं घर, गाडी, प्रवासखर्च हेही हिशोबात दिसू दे, खरा घोळ तिथेच होतो. मात्र बौद्ध भिक्खूंना विनयाच्या (म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेच्या) नियमांप्रमाणे पैसे घ्यायलाच मनाई आहे, तिथे पगाराचा प्रश्न नाही, पण विहाराचे हिशोब तरी उघडे हवेत.